हितं थोडं ऱ्हायलंय

वडगावात मागांची खटखट सहाला सुरू होते,
त्याआधी मी माझा चेहरा उरकून घेते.
ओठाखाली डावीकडे, हनुवटीच्या वळणावर
एक रुपयाएवढं पांढरं आहे.
गव्हाळ बेस घ्यायचा बोटाच्या टोकावर, थोपटत जायचं,
घासायचं नाही, घासलं की निघतं.
वर पावडर. मग पाच मिनिटं न हसता बसायचं.
मग शटर.

अकरा वर्षं झाली.
घरमालकीण नीलव्वालासुद्धा पत्ता नाही,
आणि नीलव्वाला तर गल्लीतल्या
कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या तेही ठाऊक.

डोळ्याखालच्या काळ्यावर एकदम गोरा रंग थापला
की राख फासल्यासारखं दिसतं. आधी नारिंगी लागतं.
हे मला क्लासात कळलं नव्हतं,
मड्डीमनी पेंटर आला तेव्हा कळलं.
पाटीवरची माझी तांबडी मराठी अक्षरं बुजवून
वर मोठी कन्नड काढायची होती,
पांढऱ्याचे दोन हात दिले तरी
खालून गुलाबी उमटतच होतं.
"बाई," तो म्हणाला, "रंगावर रंग बसत नाही,
अस्तरावर बसतो." आणि चहा मागितला.

आताही मार्चच्या उन्हात तिरकं बघितलं
तर 'शृंगार'मधला शृ दिसतो.
मी त्याला परत बोलावलेलं नाही.

मुतग्याहून द्रौपदा आली, लेकीचा साखरपुडा.
जन्म रताळ्याच्या शेतात गेलेला,
दोन्ही गालांवर वांग, नाकावरून एकमेकांना मिळालेले.
"गेल्या साली मेडिकलमधली ट्यूब लावली की, अक्का.
महिनाभर नवरी दिसले. मग हे असं."
बोट लावलं तर कातडी उकडलेल्या टोमॅटोची,
खाली बारीक तांबड्या शिरा.
म्हटलं, ती ट्यूब सुटली पाहिजे, पण मनानं तोडू नकोस,
सिव्हिलच्या चामडीच्या डॉक्टरणीला दाखव.
आणि शेतात जाताना सनस्क्रीन.
"सनस्क्रीन लावून रताळी काढू?"
ती इतकी हसली की गालावरचा बेस सुरकुतला,
पुन्हा पहिल्यापासून.

अर्ध्यात लाईट गेली.
पंखा थांबला, उन्हाळ्याचे दिवस,
पत्र्याखाली आम्ही दोघी.
मी वाकलेली, तिचा श्वास माझ्या हनुवटीवर,
तिच्या गालावर स्पंज दाबते आहे, दाबते आहे,
घामाचा एक थेंब माझ्या ओठाखालून निघाला
तो मला कळला. पुसायला हात मोकळा नव्हता.
तिनं डोळे उघडले.
मी म्हटलं, मीट.
तिनं मिटले नाहीत.

किती वेळ कोण जाणे. बाहेर माग बंद पडलेले,
वडगावात इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.
मग तिनं स्वतःच्या गालावरचा थोडा बेस
करंगळीशेजारच्या बोटानं उचलला,
माती उकरून काळ्या झालेल्या नखाच्या बोटानं,
आणि माझ्या हनुवटीवर लावला.
थोपटत. घासला नाही.
"अक्का, हितं थोडं ऱ्हायलंय."

पैसे दिले. दहा रुपये कमीच दिले, सुट्टे नाहीत म्हणाली.
दारातनं वळून विचारलं, "पोरीनं ओळखंल न्हवं मला?"

तिचा रंग माझ्याहून दोन छटा सावळा.
लाईट आल्यावर आरशात दिसलं,
पुसायला कापूस हातात घेतला, ठेवून दिला.
संध्याकाळी भुवया करायला नीलव्वा आली,
खुर्चीत बसता बसताच म्हणाली,
"हनुवटीला काय ग ते? माती लागलीय काय?"

होय की, म्हटलं.
मुतग्याची.