एक मरण कमी करा

पोर्तोच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या,
कादंबरी चांगली आहे, पहिलीच आहे असं वाटत नाही.
पण एकाच घरात चार मरणं,
चारही चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे,
तीही एकाच दुखण्यानं?
वाचकाला पटायचं नाही. एक कमी करा.

मासळीच्या लिलावात मी हिशेब लिहिते.
तिथल्याच एका पाठकोऱ्या पावतीवर
चार नावं मांडली:
आजोबा बाल्तझार, दियोलिंदा मावशी,
ओलिंतो मामा,
आई.

आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराची एक खूण असते,
होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचांवर कोरलेली.
थोरल्यांनी तिला आपापली एक रेघ जोडायची,
शेंडेफळाला मात्र बापाची खूण जशीच्या तशी.
दुखण्याला हा रिवाज कुणी शिकवला नाही.
ते थोरलीकडे जातं, मधल्याला वगळतं,
धाकट्याच्या दारावरून पुढे जातं
आणि काहीतरी विसरल्यासारखं परत फिरतं.
डॉक्टर म्हणतात, नाणं आहे,
दर मुलामागे एकदा उडतं.
आजी म्हणायची, लोकांचं नशीब कपाळावर असतं,
आपलं तळपायावर.

दर शनिवारी ती पोरांचे पाय धुवायची.
पाणी मुद्दाम कढत.
जो पाय झटकन मागे घेईल, बोंब मारेल,
आजीला शिव्या घालेल,
त्याला साखर लावलेला पाव.
ओलिंतो मामाला तो पाव
लग्न झाल्यावरही मिळत होता.

मग सान पेद्रोची ती रात्र.
गल्लीभर शेगड्या, सार्डिनचा धूर,
मामा अनवाणी नाचत होता.
आधी वास आला.
सगळ्यांना वाटलं, मासा करपला.
खाली पाहिलं ते फक्त झुल्मिरा मामीनं.

आजोबांना वगळता येईना, सुरुवातच त्यांची.
मावशीला वगळावं तर तिसरं प्रकरण अनाथ होतं.
आईच्या नावावर पेन नेलं
आणि चहा करायला उठले.
उरला मामा.

फार नाही बदललं. एकच वाक्य.
निखाऱ्यावर पाय पडताच तो किंचाळला.
बाकीचं आपोआप होत गेलं:
तो वाळला नाही, भिंत धरून चालला नाही,
सत्तरीत होडी विकली,
गुडघे दुखले तेही साध्या म्हातारपणानं,
आणि दोनशे एकतिसाव्या पानावर
खिडकीशी बसून कॉफी पितोय,
दोन चमचे साखर घालून.

मामीला वाचता येत नाही.
तिच्या स्वयंपाकघरात बसून मी ते प्रकरण वाचलं,
ती शेंगा सोलत होती.
संपलं तेव्हा म्हणाली, चुकलंय.
मला माहीत आहे मामी, पण संपादकबाई...
होडी त्यानं विकली नसती, ती म्हणाली.
खूण कोरलेली होडी? मेला तरी नाही.
आणि साखर चार चमचे.
आणि एवढा गप्प का बसलाय?
त्या वयात त्यानं मला दिवसभर बोल लावले असते.
ते घाल.

मी समासात लिहून घेतलं.
माझा भाऊ डेल्फिम रोज सकाळी एक गोळी घेतो,
त्या दिवसांत ती नव्हती.
मी अजून आंघोळीचं पाणी
आधी पायावर घेते.

मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली.
आणि मी? तिनं विचारलं.
त्या पानावर मी काय नेसलेय?

मी पान उलटलं.
कॉफी घेऊन ती दारात उभी होती,
काळा झगा, काळी शाल,
गेली चाळीस वर्षं बघतेय तशीच.
नवरा समोर जिवंत बसलेला,
आणि मी तिला विधवेच्या कपड्यांत
त्याच्यापुढे उभं केलं होतं.

कुठला रंग देऊ? मी विचारलं.
तिनं शेंगांची टरफलं ओच्यात गोळा केली,
बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली.
उद्या सांगते, म्हणाली.
विचारून सांगते.