टिंग

पहिल्या वेळी मीच जोडलं होतं.
भद्रावती पेठेत, येमूलांच्या शेडमध्ये,
सात नंबरच्या मागाची डावी बाजू.
बिडाची, माझ्या वयापेक्षा जुनी,
पायाशी चार बोटं तडकलेली.
आयटीआयचं सर्टिफिकेट अजून करकरीत होतं माझं.
साधा रॉड लावला. रेघ कशी सुबक आली,
एका ठोक्यात स्लॅग उडाला.
येमूल म्हणाले, बागुंदी.
मी चहाचा कप तोंडाला लावला
आणि निवता निवता बीड बोललं:
टिंग.

जोड शाबूत होता.
त्याला खेटून, केसाएवढी,
नवी भेग.

दुसऱ्या वेळी निकेलचा रॉड आणला.
एका रॉडच्या किमतीत दोन टॉवेल येतात
हे येमूलांनी दोनदा ऐकवलं.
या खेपेला रेघ फसफसली,
डोशाला पडते तशी जाळी पडली.
मी करंट कमी केला, वाढवला,
अर्थिंगचा चिमटा बदलला,
विजेला, रॉडच्या दुकानदाराला, एप्रिलला
दोष देऊन झाला.

मग दस्तगीर मिस्त्रींना आणलं
स्कूटरवर मागं बसवून, साखर पेठेतून.
एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसरा पुरेसा.
भेगेवर त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला,
कोरडं पुसलं, शाळेतला खडू घासला.
"थांब जरा."
थांबण्याचं असं काम
मला कुणी शिकवलं नव्हतं.
पांढऱ्यातून हळूहळू एक ओली रेघ वर आली,
मी धरली होती तिथं संपलीच नव्हती ती,
अडीच इंच पुढं जाऊन
बोल्टाच्या भोकाकडं वळलेली.

"महानंदा, चाळीस वर्षं तेल प्यालंय हे.
आधी ओकू दे."

गॅसच्या ज्योतीखाली बीड घामाघूम झालं,
काळं, वंगणाचं, खमंग जळकं पाणी सुटलं त्याला.
पुसलं. पुन्हा सुटलं.
शेडभर धूर. वहिनी खोकत बाहेर गेल्या.
मग ते म्हणाले, टोकाला भोक पाड,
भेगेला टोक आहे तोवर ती चालत राहते,
तोंड गोल झालं की वाट विसरते.

आणि मग ते खाली बसले, गुडघे कुरकुरत.
उंबऱ्यावर येमूलांची आई विड्या वळत होती,
तिच्या सुपातलं एक पान मागून घेतलं
आणि मागाच्या पायाखाली सरकवलं.
पान गेलं.
दुसरं गेलं. तिसरंही.
चौथं अडकलं.

कुणीच काही बोललं नाही.
फरशी खचली होती. पाय अधांतरी,
आणि दर खेपेला बोल्ट आवळून
आम्ही त्याला जमिनीवर ओढत होतो.
मी भेगेवर दोन वेळा पैसे घालवले
आणि एकदाही खाली वाकले नाही.

त्या तीन पानांच्या जाडीची पत्र्याची पट्टी कापली.
पाण्याचा थेंब बिडावर न बसता
नाचत पळाला तेव्हा रॉड धरला.
एक इंच रेघ. लगेच हातोडीचे बारीक टोले,
दार उघडायला नाही,
आत कुणी आहे का बघायला मारतात तसे.
मग दुसऱ्या टोकाला एक इंच. मग मधे.
संध्याकाळी पत्र्याचा डबा भोवती उभा करून
राखेनं भरला, गळ्यापर्यंत.

रात्री झोप नाही.
घरी आईनं ताटली आपटली तरी
मला टिंग ऐकू यायचं.

सकाळी राख उपसली. कोमट होती अजून.
रॉकेल, खडू, थांबणं.
पांढरं पांढरंच राहिलं.
म्हातारीनं आपली तीन पानं परत मागितली,
दोन चालण्यासारखी निघाली.

माग सुरू झाला तेव्हा शेडमध्ये
माणसाचं माणसाला ऐकू येईना,
तरी मी बाजूला कान लावून उभी.
दस्तगीर मिस्त्री स्कूटरपाशी जाऊन थांबले होते.
उजव्या बाजूचे पाय
मी अजून तपासलेले नाहीत.