लाइन बंद केल्यानंतर

आजव्याचं पाणी तेहतीस वर्षं मी या शहरात सोडलं.
पहाटे साडेपाचला, दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर
लोखंडी झाकण उचलून चावीचे सात फेरे, डावीकडे.
म्हणून डॉक्टर पारीखांनी फिल्म दिव्यावर धरली
तेव्हा मला शिकवावं लागलं नाही:
मोठी लाइन थेट घरगुती नळीला जोडलेली,
मध्ये व्हॉल्व्ह नाही. जन्मापासून.
ठेकेदार कोण, ते विचारायचं नाही.

डोकं न उघडता किरणांनी बंद करू, म्हणाले.
कपाळात चार स्क्रू, चौकट,
मग घरी जा आणि तीन वर्षं वाट बघा.
झाली बंद. पूर्ण.
सुनीतीनं अख्ख्या पोळात पेढे वाटले,
मी फाइल माळ्यावर टाकली
आकाशकंदिलाच्या काड्यांखाली.

अकराव्या वर्षी सेव-उसळीच्या गाडीवर
पाव उचलायला गेलो
आणि डावा हात आलाच नाही.
म्हणजे होता.
बाकावर, शेजारच्या गिऱ्हाइकाचा असावा तसा.
त्याच आठवड्यात सुनेचं नाव गेलं.
ती समोर, ताट घेऊन. मी म्हटलं, "अगं ही..."
ती हसली.
सुनीती हसली नाही.

पारीख निवृत्त झालेत. त्यांच्या खुर्चीत
माझ्या धाकटीच्या वयाची मुलगी.
काका, तो गुंता गेलाय, छान गेलाय, म्हणाली.
हे त्या किरणांचं. भोवती सूज,
मध्ये पाण्याची पिशवी धरलीय.
कधी कधी होतं असं. उशिरा.

कधी कधी होतं असं.
हे वाक्य मी किती दारांत उभा राहून बोललोय.
रावपुऱ्यात एका बाईच्या घरी
गळती काढून सहा वर्षं झाली होती,
आणि पलंगामागची भिंत ओली.
तिनं माझा हात धरून भिंतीला लावला,
बघा, म्हणाली, बघा ना.
जोड पक्का होता, शिसं मीच ओतलेलं.
पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही.
रजिस्टरात लिहिलं: तक्रार निराधार.

आता गोळ्या. तोंड सुजलंय,
रात्री दोनला उठून भाखरी खातो
डब्यातून, उभ्या उभ्या.
उजव्या हातानं डाव्याला भिंतीला लावून बघतो
गार लागते का.

त्या बाईचं नाव आठवत नाही.
हे सुजेमुळे,
की तेव्हाही मी विचारलं नव्हतं?