अद्ययावत

दूध घालून तवनाप्पा मगदूम थेट दुकानात आले,
बोटांना अजून फेसाचा वास.
दुखरा दात दाखवावा तसा
फोन काउंटरवर ठेवला.
"चार्जिंग उतरतंय. बाकी झ्याक चालालंय."

कोगनोळीत, टोलनाक्याच्या अलीकडं, माझं दुकान.
इथं फोन बसल्या जागी गाव सोडतो:
कागलकडचा टॉवर ओढतो, महाराष्ट्रात स्वागत,
निपाणीकडचा ओढतो, कर्नाटकात स्वागत.
फोन मात्र टेबलावरच, पाठ उघडी, स्क्रू वाटीत.

बॅटरी बसवून मी सहज आत गेले,
सेटिंग, फोनविषयी, मग सगळ्यात खाली,
जिथं कुणी जात नाही:
सुरक्षा पॅच, पाच मार्च दोन हजार एकोणीस.
त्याखाली बटण होतं, दाबलं.
गोल फिरलं, थांबलं, म्हणालं,
तुमचं उपकरण अद्ययावत आहे.

खोटं नाही म्हणा.
नवं काही यायचंच नसेल
तर आहे तेच ताजं.

"ब्लूटूथ बंद ठेवा, मामा."
"आणि काटा?"
दुधाचा काटा याच फोनशी बोलतो, दोन्ही वेळा,
बासष्ट घरांचं दूध, लिटर, फॅट, पैसे.
दुसऱ्या कुणाशी बोलायला त्याला शिकवलेलंच नाही.
मी म्हणाले, भोक पडलंय त्यात, जुनं.
कंपनीनं नव्या फोनांना ठिगळ लावलं,
तुमच्यापर्यंत सुई-दोरा आला नाही.
दहा पावलांवरून कुणीही आत शिरेल,
कडी न वाजवता.
"माझ्यात काय हाय चोरायला? शेण?"

मग मी बोलणं सोडलं.
माझ्या फोनचं हॉटस्पॉट लावलं, पासवर्ड नाही,
नाव दिलं त्यांच्या जुन्या दूध संघाच्या वायफायचं.
तो संघ बंद पडून तीन वर्षं झाली.
ह्यांच्या फोननं नाव ऐकलं मात्र,
विचारलं नाही कोण, कुठला, कुणाचा,
बिलगलाच.
वरच्या कोपऱ्यात तीन कमानी उजळल्या.

मला वाटलं हसतील.
"रेडकू मेलं की," ते हळू म्हणाले,
"कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करत्यात.
चाटती. पान्हा सोडती."
थोड्या वेळानं: "मी सोता केलंय."
हायवेवरून कंटेनर गेला,
वाटीतले स्क्रू थरथरले.

नवा केवढ्याला, विचारलं त्यांनी. सांगितलं.
ओठ हलले, मनात लिटर मोजत होते,
मध्येच कुठं तरी हिशेब सोडून दिला.

मग जमेल तेवढं केलं.
बँक काढली त्यातनं. बँकेचं कार्ड
सूनबाईंच्या बटणांच्या फोनात.
लक्षात ठेवलेली नेटवर्कं एकेक उघडली,
हे विसरायचं? हो.
भाचीच्या लग्नाचा हॉल, विसरला.
स्तवनिधीची धर्मशाळा, विसरला.
निपाणीतला चहावाला, ज्याचं वायफाय
कधी चाललंच नव्हतं, तोही.
मिरजेचं हॉस्पिटल आलं
तेव्हा त्यांनी माझं बोट बाजूला केलं.
"ते मी दाबतो."
दाबायला वेळ लागला.

आता काटा लावताना ब्लूटूथ उघडतात,
शेवटची किटली गेली की मिटतात.
परवा विसरले होते म्हणे,
रात्री दहाला उठून, बॅटरी घेऊन,
आधी गोठ्याचं फाटक पाहिलं, मग आठवलं.
बिलाच्या पैशांवर अर्धा लिटर दूध देऊन गेले,
मी नको म्हणेपर्यंत रस्ता ओलांडला होता.

दुकान मिटताना माझ्याच फोनमध्ये खाली गेले.
तारीख बरी आहे. अजून दोन वर्षं असतील,
किंवा एक, कंपनीनं नीट सांगितलेलं नाही.
शटर अर्ध्यावर होतं, हातात दुधाची पिशवी,
आणि कुठला तरी टॉवर म्हणाला,
स्वागत.