पान्याची जागा

ट्रेसिंगवर चुकलं की ब्लेडनं खरवडायचो.
कागद तिथं पातळ व्हायचा,
उजेडात धरला की चूक पुन्हा हजर.

चाळिशीत कॉम्प्युटर शिकलो.
एल दाबला की रेघ, ई दाबला की गायब.
मागे काहीच उरेना, त्याचीच धास्ती.

आता जळगाव एमआयडीसीत भाग्येश
डाळमिलचा अख्खा एलिव्हेटर
भिंगरीसारखा फिरवतो.
तीस वर्षं काढलेल्या हॉपरचं बूड
मी पहिल्यांदा पाहिलं.

दर आवृत्तीत बटणं घर बदलतात.
डावा हात जुनीच अक्षरं दाबतो,
झोपेतही, गोधडीवर.

काल सुपडू मिस्तरीचा फोन:
"भाऊ, नट दिसतो, पाना बी जातो.
हात कुठून घालू?"

ड्रॉवरमधली पट्टी काढून पंजा मोजला.
पंच्याण्णव.
सुपडूचा असेल एकशेदहा.
भाग्येश, तेवढं धर.