ताणकाटा

साखर पेठेतल्या सुताच्या दुकानातून
नायनांनी ताणकाटा मागून आणला,
दोन दिवसांच्या बोलीवर.
शफीकभाईंनी बोकडाच्या पोटाची पट्टी दिली,
कशाला हवी ते विचारलं नाही.

वसतिगृहाच्या गच्चीवर, मेच्या दुपारी,
टाकीच्या वीतभर सावलीत
मी पट्ट्या कापल्या, पुन्हा शिवल्या,
एकेक करून खिळ्याला टांगल्या.

सुटे टाके आधी. प्रत्येकाची आपली गाठ,
एक गेला तरी शेजारचा उभा.
मग धावता टाका, एकाच धाग्याचा:
पाचव्या दिवशी आलेलं पाणी
आमच्या बोळातली अकरा घरं वाटून घेतात
तसा ताण वाटून घेणारा.
मग गादीटाका, जाऊन परत येणारा, दुहेरी,
सरांचा ज्यावर फार जीव.

वहीत लिहिलं:
सुटा साडेसहा किलो. धावता आठ.
गादीटाका अकरा, अकरा, एकदा तर तेरा.
तेराखाली मी दोन रेघा ओढल्या.

नायना डबा घेऊन आले.
एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर,
आकड्यांकडे बघितलंच नाही.
फाटलेली पट्टी उचलली, उजेडात धरली.
"दारम कुठं तुटला?"
तुटला नव्हता.
दोरा शाबूत, गाठ शाबूत,
मांस तेवढं कापत गेलं होतं
दोऱ्याच्या बाजूबाजूनं.
"मग मोजलंस काय?" म्हणाले,
आणि भाकरी थंड होईल म्हणाले.

चौदा नंबरची राजमणी येमूल.
विडी घरकुलातून आलेली, आतडं फुटलेलं,
तंबाखूच्या धुळीचा जुना खोकला.
पोट मी बंद केलं. सरांच्या टाक्यानं.
घट्ट. वहीतला तेरा आठवून घट्ट.

सहाव्या दिवशी पट्टी गुलाबी भिजली.
सातव्या पहाटे ती खोकली
आणि सिस्टर धावत आल्या.

टेबलावर पुन्हा उघडलं तेव्हा
माझे सगळे टाके जागेवर होते.
एकही गाठ सुटली नव्हती.
नुसत्या रिकाम्या फासांची रांग,
आणि कडा, फासाफासाला कापलेल्या.
गच्चीवर तीन आठवड्यांपूर्वी
हे मी बघितलं होतं. टांगून, उन्हात.

या वेळी लहान घास घेतले,
कडेपासून जेमतेम, पण जवळजवळ.
जखमेच्या चौपट दोरा गेला,
धावता, न आवळता.
कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचं,
एवढंच, आणि हे एवढंच
हाताला किती अवघड.

भूल उतरताना तिची बोटं चादरीवर हलत होती.
पान, जर्दा, वळ, दोरा.
दिवसाला हजार विड्या, चाळीस वर्षं.
दोरा बांधताना तिची बोटं
कुठं थांबतात ते मी बघत उभी राहिले.
ती खोकली. उशी पोटाशी धरली तिनं.
मी श्वास धरला.

ताणकाटा परत करायला मीच गेले.
दुकानदारानं हुंगून नाक मुरडलं,
रिकामा टांगला.
काटा शून्यावर येईना.
"मोडला की काय माझ्याकडून?"
"छे हो," तो म्हणाला, "पहिल्यापासून असाच आहे.
दोनशे वजा करून वाचतो आम्ही.
सांगितलं नाही तुमच्या नायनांनी?"