तांबडा दिवा

कुमासीत जिथे तीन महामार्ग
एकमेकांच्या अंगावर येतात
तिथे नगरपालिकेचा ओफोरी,
गळ्यात स्टॉपवॉच, काखेत नकाशा.

सेरवाच्या डोक्यावर तळलेल्या केळ्यांची परात.
तांबडा दिवा म्हणजे तिच्या हिशेबी
चार पुड्या, एका नोटेची मोड,
आणि ट्रोट्रोवाल्याशी थोडी हुज्जत.

“मावशी, गाड्या किती वेळ तुंबतात इथं?”

परात सावरत ती नकाशा बघते.
निळ्या शाईतला पूल,
त्यावर कुणीच थांबलेलं नाही.

“तुंबतात कुठं?
आल्या की गेल्या.”

तो लिहून घेतो.
शेजारच्या लॉरीचा ड्रायव्हर
स्टिअरिंगवर गाल टेकून घोरतोय.

ओफोरी खोडतो. एक पुडी मागतो.
सेरवा कनवटीला सुटे शोधत राहते,
सावकाश,
दिवा हिरवा होऊन पुन्हा तांबडा होईतो.